टेबल बडवणारी सई

आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाचा एक पाय डुगडुगतो. माझी बायको अंजू बरीच वर्षं म्हणते आहे, की एकतर हे टेबल टाकून दे, नाहीतर तो पाय घट्ट तरी कर. स्क्रूड्रायव्हर तिथेच खालच्या ड्रॉवरमध्ये पडलेला आहे. मी तो हातात घेत नाही. टेबलाचा तो पाय सईने ढिला केला आहे.

सई ही नितीनची मुलगी. नितीन आणि मी पुण्यात एकाच मेडिकल कॉलेजात होतो, एकाच होस्टेलवर. पुढे दोघंही या देशात आलो. तो वॉटफर्डला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, झाला आणि मी फिरत फिरत ग्लासगोच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून स्थिरावलो. सई वॉटफर्डलाच जन्मली, वाढली आणि शिकायला आमच्या गावात आली. चार वर्षं ती जवळजवळ दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. दारातून आत आल्या आल्या बूट काढायच्या आधी धुवायच्या कपड्यांची पिशवी अंजूच्या हातात द्यायची आणि विचारायची, "काकू, आज काय आहे? माझा भूक खूप मोठा झालाय."

अंजू तिची चूक सुधारायची. सई ती तीन वेळा बरोबर म्हणून दाखवायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा "माझा भूक" घेऊन यायची.

अशी मुलगी युनिव्हर्सिटीत गेलिक शिकत होती. गेलिक म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर बोलली जाणारी जुनी भाषा. ती बोलणारी माणसं आता दिवसेंदिवस कमी होत चालली आहेत. शाळेच्या सहलीत एकदा फेरीबोट चुकली म्हणून सईचा वर्ग एका बेटावरच्या चहाच्या दुकानात अडकला होता. तिथे चार म्हाताऱ्या बायका आपल्या आपल्यात गात बसल्या होत्या. "कोणाला दाखवायला नाही काका, असंच," हे सांगताना सईचे डोळे अजून मोठे व्हायचे. तिने त्या वेळेपासून ठरवलं होतं, की हे शिकायचं.

तिच्या आईला, वृषालीला, यातलं काही कळत नसे. "मराठी धड बोलता येत नाही आणि म्हणे गेलिक!"

"मराठीत सगळे मला हसतात, आई," सई एकदा फोनवर म्हणाली होती. "गेलिकमध्ये कोणी हसत नाही. मी एक शब्द बोलली तरी त्यांना रडायला येतं."

बेटांवर पूर्वी लोकरीचं विणलेलं ओलं कापड दाट व्हावं म्हणून बायका एका लांब टेबलाभोवती बसून ते आपटायच्या. सगळ्यांचे हात एका तालात पडावेत म्हणून गाणी होती. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. कापड तयार होईपर्यंत गाणं थांबवायचं नाही. सईला ही गाणी गोळा करायची होती. आमच्याकडे जेवण झालं, की ती अंजूचं ओलं फडकं घ्यायची, टेबलाच्या कडेला बसायची आणि दोन्ही तळव्यांनी ते धपाधप आपटत गायची. बशा हलायच्या. अंजू लोणच्याची बरणी उचलून धरायची. मी म्हणायचो, "अगं, खालचे लोक येतील वर." खाली फक्त आमचं गॅरेज होतं. तो आमचा ठरलेला विनोद होता आणि ती प्रत्येक वेळी हसायची.

एक मात्र सांगायला हवं. दोन-तीन महिन्यांनी मी नीट ऐकलं, तेव्हा त्या चालीवर ती गेलिक शब्द म्हणत नव्हती. ती केमिस्ट्रीच्या रिॲक्शन्स पाठ करत होती.

त्याचं कारण मी.

सई अठरा वर्षांची झाली त्या ऑगस्टमध्ये आम्ही वॉटफर्डला गेलो होतो. तिचे ए-लेव्हलचे, म्हणजे इथल्या बारावीचे, निकाल त्याच आठवड्यात लागले होते. इंग्लिश, फ्रेंच आणि इतिहास. तिन्हींत उत्तम. ग्लासगोची जागा पक्की झाली होती आणि घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. नितीनचं म्हणणं, एक वर्ष वाया गेलं तरी चालेल, पुन्हा सायन्स घेऊन बस आणि मेडिसिनला जा. तो दुष्ट बाप नव्हता. त्याला भीती वाटायची. "डॉक्टरला या देशात कोणी परत जा म्हणत नाही," असं तो नेहमी म्हणायचा. एकदा त्याच्याच दवाखान्याच्या पार्किंगमध्ये एका माणसाने त्याला ते म्हटलं होतं, पण ती गोष्ट तो धरत नसे.

आपल्या लोकांत घरातलं भांडण मिटेना, की जवळच्या एका माणसाला मधे बसवतात. तो वयाने मोठा, शिकलेला, दोन्ही बाजूंना धरून असणारा असावा लागतो. तो म्हणेल ते सगळ्यांनी मानायचं. त्या दिवशी वृषालीने मला वाढता वाढता म्हटलं, "भाऊजी, आता तुम्हीच सांगा. तुमचं ऐकेल ती."

"अव्या, तू म्हणशील ते मला मान्य," नितीन म्हणाला.

"मला पण, काका," सई म्हणाली.

मला त्या वेळी बरं वाटलं, हे मी लपवत नाही. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पोळीचा घास खाली ठेवला आणि म्हणालो, की यात भांडण्यासारखं काय आहे? दोन्ही होईल. गेलिकची पदवी घे आणि सोबत संध्याकाळच्या कॉलेजात केमिस्ट्री कर. पदवीधरांसाठी मेडिसिनचा वेगळा कोर्स असतो, त्यात कुठल्याही विषयाची पदवी चालते. आणि बेटांवर गेलिक बोलणारे डॉक्टर आहेत कुठे? म्हाताऱ्या माणसांना आपल्या भाषेत बोलणारा डॉक्टर मिळाला तर पाय धरतील तुझे.

शेवटचं वाक्य मला ऐन वेळी सुचलं होतं. ते इतकं सुंदर होतं, की त्यावर सगळेच विरघळले. नितीन जेवायला लागला. वृषालीने डोळे पुसले. सई उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "थँक यू काका. तुम्ही दोन्ही वाचवलं."

ती ते मनापासून म्हणाली होती. आजही मला त्याचाच त्रास होतो. तिने तेव्हा माझ्यावर राग धरला असता, तर पुढचं मला सोपं गेलं असतं.

मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी केमिस्ट्री. शनिवारी एका केअर होममध्ये काम, कारण मेडिसिनला अर्ज करताना तसा अनुभव दाखवावा लागतो. बाकीच्या वेळात गेलिक, जुन्या ध्वनिफिती, निबंध. रविवारी आम्ही. पहिल्या वर्षी ती धावत यायची, दुसऱ्या वर्षी चालत. तिसऱ्या वर्षी एकदा ती आमच्या जिन्याच्या पायरीवर बसलेली मला दिसली. बेल वाजवायच्या आधी पाच मिनिटं बसते, म्हणाली. "म्हणजे आत आल्यावर मी नॉर्मल दिसते."

मी विचारायचो, "कशी आहेस?"

"पातळ," ती म्हणायची.

हा तिचा शब्द होता. त्याचा उगम आमच्याच घरातला. एका रविवारी अचानक दोन पाहुणे आले म्हणून अंजूने आमटीत पाणी वाढवलं. ते बघून सई खूप हसली. "काकू, ही मी आहे! पाहुणे आले, पाणी घाला. अजून पाहुणे आले, अजून पाणी." मग ताटात आमटी ओढून घेत म्हणाली, "पण चव आहे अजून. आहे ना?"

"आहे गं," अंजू म्हणाली.

रात्री झोपताना अंजू मला म्हणाली, "ती विनोद करत नव्हती." मी म्हणालो, या वयात सगळ्यांचीच धावपळ होते, आपली नाही का झाली? आपली झाली होती हे खरं. पण आपण एकाच गोष्टीमागे धावत होतो, हा फरक मी तेव्हा लक्षात घेतला नाही.

तिसऱ्या वर्षाच्या वसंतात ती एका बेटावर गाणी ध्वनिमुद्रित करायला गेली. मोराग नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंकडे एक लांबलचक गाणं होतं, जे दुसऱ्या कोणाला पूर्ण येत नव्हतं. पण बाईंची एक अट होती. नुसतं बसून, मशीनसमोर त्या गाणार नव्हत्या. टेबल हवं, ओलं कापड हवं आणि ओळ उचलायला बायका हव्यात. अशा बायका गोळा होईपर्यंत तीन दिवस गेले. शुक्रवारी सगळ्या जमणार होत्या. शुक्रवारीच सईची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. गुरुवारच्या फेरीने निघणं भाग होतं. बुधवारी मोरागबाईंनी नुसत्या सईबरोबर अर्धं गाणं म्हटलं आणि थांबल्या. दोघींच्या हातांनी कापड तयार होत नाही, बाकीचं शुक्रवारी, म्हणाल्या.

बेटावरून तिने मला फोन केला. "काका, प्रॅक्टिकल पुढे ढकलतील का?"

मी चौकशी केली नाही. तसं करता आलं असतं. मी म्हणालो, "पुढे ढकललं तर वर्ष जाईल, सई. गाणं काय, पुढच्या सुट्टीत पुन्हा जाशील."

शुक्रवारी सकाळी मी तिला बस स्टेशनवरून घेतलं. तिच्या अंगाला, केसांना धुराचा वास होता. बेटावर अजून काही घरांत दलदलीतली वाळवलेली माती जाळतात, त्याचा. आमच्याकडे तिने आंघोळ केली, अंजूने दिलेला पोह्यांचा डबा घेतला आणि परीक्षेला गेली. संध्याकाळी परत आली. टायट्रेशन छान झालं होतं. थेंब थेंब टाकत राहायचं आणि फिकट गुलाबी रंग आला, की तिथेच थांबायचं. तिचा हात अगदी स्थिर होता, असं परीक्षकसुद्धा म्हणाले.

"पिंक आला, काका," ती म्हणाली. मग थोडा वेळ फडक्याशी चाळा करत बसली. "साँग नाही आला."

ती पुन्हा त्या बेटावर गेलीच नाही. पुढच्या सुट्टीत प्रवेशपरीक्षेचा अभ्यास होता. मोरागबाईंना त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीने इंग्लंडला आपल्याजवळ नेलं. तिथे त्या गात नाहीत, एवढं सईला कोणाकडून तरी कळलं. प्रबंधात तिने अर्ध्या गाण्याबद्दल लिहिलं. तिच्या प्रोफेसरबाईंना तो अपुरा प्रबंधसुद्धा इतका आवडला, की त्यांनी तिला पुढे संशोधन करायला बोलावलं. दोन वर्षं, शिष्यवृत्तीसह. त्याच महिन्यात मेडिसिनच्या इंटरव्ह्यूचं पत्र आलं.

इंटरव्ह्यूची तयारी मी घ्यायची, हे ओघानेच आलं. इथल्या मराठी डॉक्टरांच्या घरी हा एक कुळाचारच आहे. ओळखीच्यांची मुलं येतात, आपण टेबलापलीकडे चष्मा लावून परीक्षक होऊन बसतो. मी त्या रविवारी टायसुद्धा लावला होता. सई समोर बसली. मी गंभीर आवाजात विचारलं, "सांगा, तुम्हाला मेडिसिनला का यायचंय?"

"कारण नाही गेली तर बाबांचा चेहरा बघवत नाही," ती म्हणाली.

ओट्यापाशी उभी असलेली अंजू फस्सकन हसली. मीही हसलो. सईसुद्धा हसली, पण आमच्यानंतर.

"नीट सांग गं," मी म्हणालो.

मग ती ताठ बसली, हात मांडीवर ठेवले आणि नीट इंग्रजीत उत्तर दिलं. बेटांवरची वृद्ध माणसं, त्यांची भाषा, आजारपणात माणूस आपल्या पहिल्या भाषेकडे कसा परत जातो, केअर होममधल्या एका आजींचा अनुभव. सगळं खरं होतं आणि सुंदर सांगितलेलं होतं. मी टाळ्या वाजवल्या. माझंच वाक्य होतं ते. चार वर्षांपूर्वी वॉटफर्डच्या जेवणाच्या टेबलावर ऐन वेळी सुचलेलं.

तिने टाळ्या संपू दिल्या. मग मराठीत विचारलं, "काका, आणि प्रोफेसरला काय सांगू?"

मला वाटतं, तिला त्या दिवशी पुन्हा एकदा मी मधे बसायला हवा होतो. या वेळी एकाच बाजूने. तिने ते स्पष्ट म्हटलं नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिचे तळवे टेबलाच्या कडेवर अगदी हलके, आवाज न करता, पडत होते.

मी म्हणालो, "मेडिसिनची जागा पुन्हा मिळत नाही, सई. गाणी कुठे पळून जातायत?"

मोरागबाईंबद्दल ठाऊक असूनही मी हे म्हणालो. अंजूने ओट्यावरचा गॅस बंद केला आणि ती बाहेर निघून गेली.

"ओके," सई म्हणाली. त्या दिवशी तिने कपड्यांची पिशवी ओलीच नेली. वाळायला वेळ नाही म्हणाली.

तिला प्रवेश मिळाला. नितीनने वॉटफर्डला हॉल घेऊन पार्टी दिली. भाषणात त्याने माझे आभार मानले आणि लोकांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. सई निळ्या साडीत सगळ्यांना वाकून नमस्कार करत होती. माझ्याही पाया पडली. मी तिला उठवलं तेव्हा हळूच विचारलं, "कशी आहेस? पातळ?"

"नाही काका," ती म्हणाली. "आता एकच तर करायचंय."

मेडिसिन तिने दुसऱ्या गावात केलं. सुरुवातीला अंजूला फोन यायचे. मग सणावारी मेसेज यायला लागले. मग तेही वृषालीच्या मेसेजमधून "सईकडूनही" असे. नितीन मला सांगायचा, की ती वर्गात पहिल्या काहींत आहे. मी म्हणायचो, असणारच.

पाच महिन्यांपूर्वी ती नवी डॉक्टर म्हणून माझ्याच हॉस्पिटलात आली. अंजूने दोनदा जेवायला बोलावलं. दोन्ही वेळा तिची ड्यूटी निघाली. खरीच असेल. या मुलांची वेळापत्रकं मी रोज बघतो.

मग मार्चमधल्या एका सकाळी माझ्या यादीत एक आजी होत्या. नव्वदीच्या पुढच्या, मांडीचं हाड मोडलेल्या, मूळच्या बेटावरच्या. स्मृती गेली होती आणि तिच्याबरोबर त्यांचं इंग्रजीही गेलं होतं. त्या फक्त गेलिक बोलत होत्या. मुलगी बेटावरून निघाली होती, पण वाऱ्यामुळे फेरी थांबली होती. ऑपरेशनआधी मला दोन-चार गोष्टी विचारायच्या होत्या आणि फोनवरही दुभाषी मिळत नव्हता. नर्स म्हणाली, "आपल्याकडे कोणी गेलिक बोलणारं आहे का?"

"आहे," मी म्हणालो. इतक्या जोरात, की तिने दचकून बघितलं.

सई दहा मिनिटांत आली. अंगात हॉस्पिटलचे निळे स्क्रब्ज, केस घट्ट बांधलेले, गळ्यात ओळखपत्र. चालण्यात एक सरावलेली घाई होती. "हॅलो काका. कुठली पेशंट?"

"कशी आहेस तू?"

"फाइन. कुठली?"

मी बेड दाखवला. ती आजींजवळ वाकली आणि तिने एक वाक्य विचारलं. तिचा उच्चार मला पूर्वीसारखाच वाटला. आजींनी मान वळवली. त्यांनी सईचा हात दोन्ही हातांत धरला आणि बोलायला लागल्या. त्या खूप बोलल्या. मधेच हसल्या, मधेच त्यांचा आवाज चिरकला. सई ऐकत होती. तिने दुसरा प्रश्न विचारला, तिसरा विचारला. मग हळूच हात सोडवून घेतला आणि माझ्याकडे वळली.

"पडून राहिल्या तर दुखत नाही म्हणतात. सकाळपासून काही खाल्लेलं नाही. ॲलर्जी नाही."

"आणि बाकीचं? इतकं बोलल्या त्या."

"बाकीचं क्लिनिकली रेलेव्हंट नव्हतं, काका."

तिला ते कळलंच नव्हतं की सांगायचं नव्हतं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. कोणतं जास्त वाईट, तेही नाही.

तेवढ्यात मागे आवाज आला. धप. धप. आजी दोन्ही तळवे ब्लँकेटवर आपटत होत्या आणि बारीक आवाजात काहीतरी म्हणत होत्या. एक ओळ म्हणून त्या थांबल्या. हात चालूच होते. कोणीतरी पुढची ओळ उचलेल म्हणून त्या सईकडे बघत होत्या. मीही बघत होतो.

तिचा पेजर वाजला. तिने तो बंद केला, नंबर वाचला. आजींनी तीच ओळ पुन्हा म्हटली.

"जाते काका," सई म्हणाली. तिने दोन्ही हात स्क्रब्जच्या खिशांत खोल घातले आणि तशीच, हात बाहेर न काढता, वॉर्डच्या दारापर्यंत चालत गेली. दार तिने खांद्याने ढकललं.